पैनगंगेच्या वळणांतील रानवस्ती : फुलसावंगी आणि तिचा परिसर

गांव म्हटलें कीं शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठरीव चित्र उभें राहतें : वेस, चावडी, मारुतीचें देऊळ, त्यापुढचा पार, आणि सभोंवार शेतांचा पट्टा. यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, पैनगंगेच्या अलीकडे, हें चित्र लावून पाहिलें तर तें निम्मेंच जुळतें. महागांव तालुक्यांतील फुलसावंगी हें त्या भागांतील एक मोठें गांव. परंतु येथें गांव म्हणजे एकच वस्ती नव्हे. मध्यें बाजाराचें गांव. त्याच्या आसमंतांत माळांवर वसलेले बंजाऱ्यांचे तांडे. ओढ्यांच्या कांठीं आंध लोकांचीं खेडीं. आणि या सर्वांच्या पाठीशीं सागवानाचें रान, अशी ही रचना आहे. कोणा एका राजानें किंवा अधिकाऱ्यानें ती योजून केलेली नाहीं. ती घडत गेली, आणि ज्या कारणांनीं घडली त्यांतील कित्येक कारणें आजहि तेथील कुटुंबांच्या जमिनीच्या कागदांत जिवंत आहेत.

प्रथम नांवाविषयीं. ‘सावंगी’ हें नांव विदर्भांत मुळींच दुर्मिळ नाहीं. वर्ध्याजवळची सावंगी मेघे तर वैद्यकीय महाविद्यालयामुळें सर्वांस ठाऊक आहे. एकाच नांवाचीं अनेक गांवें असलीं म्हणजे दफ्तरांत घोटाळा होतो, म्हणून त्यांना उपपद जोडण्याची चाल पडली. कोठें बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे फारसींतील थोरलें व धाकटें. कोठें एखाद्या घराण्याचें नांव, कोठें शेजारच्या गांवाचें. ‘फुल’ हें या सावंगीचें उपपद. त्यावरून बागबगीचांची कल्पना करण्याचा मोह होतो खरा, पण स्थलनामांच्या बाबतींत असला मोह आवरलेलाच बरा. याहून अधिक बोधप्रद असा एक शब्द या टापूंतील कित्येक गांवांच्या नांवाला लागलेला आढळतो. तो म्हणजे ‘इजारा’.

इजारा म्हणजे मक्ता. महसुलाचा वसूल मक्त्यानें देण्याची पद्धति निजामशाहींत सर्रास होती, आणि तिनें वऱ्हाडची जी दशा केली ती सर्वश्रुत आहे. त्याआधीं नागपूरकर भोंसले आणि निजाम या दोघांचा अंमल एकाच मुलखावर चाले, त्यास लोक दुअमली म्हणत. एका रयतेला दोन धनी म्हणजे दोनदां वसूल. १८०३ मध्यें देवगांवच्या तहान्वयें भोंसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील आपला हक्क सोडला तेव्हां दुअमली संपली. पण मक्तेदार राहिले. मक्ता ज्याचा वर्षा-दोन वर्षांचा, त्याला पुढच्या पिढीची काय पर्वा? गांवें ओस पडलीं. जेथें पूर्वीं नांगर फिरत होता तेथें पळस आणि साग उगवला. आज जें रान अनादि म्हणून दाखविलें जातें, त्यांतील कांहीं भाग एके काळीं शेत होता, हें विसरतां कामा नये.

१८५३ मध्यें निजामानें, कंटिन्जंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटीं, वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. नव्या सरकारला हव्या होत्या लागवडीच्या जमिनी. अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ या काळांत इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. त्याच सुमारास, १८६५ मध्यें, पडीत जमिनीसंबंधीं नियम निघाले, आणि ओसाड गांवेंच्या गांवें दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें देण्यांत येऊं लागलीं. पट्टेदारानें रान तोडावें, रयत आणून वसवावी, जमीन पिकावी, असा त्यांतील हेतु. तेव्हां ज्या गांवाच्या नांवाला ‘इजारा’ लागलेला आहे तें गांव त्या काळीं रिकामें होतें, आणि तेथील आजच्या वस्तीचा आरंभ कोणीतरी मुद्दाम आणून वसविलेल्या कुटुंबांपासून झाला, असें त्या एका शब्दावरून ओळखतां येतें. एखाद्या शिलालेखाइतकाच हा शब्द बोलका आहे. फरक इतकाच कीं तो रोजच्या पोस्टाच्या पत्त्यावर लिहिला जातो म्हणून त्याकडे कोणी पाहत नाहीं.

आतां नदीकडे वळूं. पैनगंगा ही अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावते, बुलढाणा व वाशीम ओलांडून यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर येते आणि सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून उतरून, मोठें वळण घेऊन माहुराच्या बाजूस जाते. महागांव तालुका या वळणाच्या आंत पडतो. पलीकडच्या तीरावरील माहूर हें रेणुकेचें स्थान, साडेतीन पीठांपैकीं एक, आणि दत्तशिखरामुळें दत्तभक्तांचेंहि क्षेत्र. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांत माहूर हें एका ‘सरकार’चें मुख्य ठाणें होतें, आणि अलीकडच्या तीरावरील मुलूखहि त्याच ठाण्याशीं बांधलेला होता. म्हणजे त्या काळीं नदी हा केवळ एक पाण्याचा प्रवाह होता. ओलांडतांना पाय ओले होत, राज्य बदलत नसे.

१८५३ नंतर राज्य बदलूं लागलें. अलीकडे इंग्रजी अंमलाचें वऱ्हाड, पलीकडे निजामाचें हैदराबाद. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. अलीकडे कचेरींत मराठी, पलीकडे प्रथम फारसी आणि मग उर्दू. माल घेऊन नदी ओलांडणाऱ्याला पलीकडे करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. रेणुकेच्या नवसाला जाणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबाच्या दृष्टीनें ही सगळी विलक्षण गोष्ट होती, कारण सोयरीक तर दोन्ही तीरांवर होती. १९०२ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड कर्झन यांनीं निजामाशीं करार करून वऱ्हाड वर्षाकाठीं पंचवीस लाख रुपये देऊन कायमच्या पट्ट्यानें घेतलें. पुढच्या वर्षीं तें मध्यप्रांताला जोडलें गेलें. १९०५ मध्यें जिल्ह्यांची फेररचना झाली, जुना वाशीम जिल्हा मोडला, आणि त्यांतील पुसद तालुका वणी जिल्ह्याला जोडून त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. आजचे महागांव व उमरखेड हे तालुके त्या वेळच्या विस्तीर्ण पुसद तालुक्यांतच मोडत. नदीवरची सरहद्द मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या वर्षांत पलीकडून अत्याचाराला भिऊन आलेल्या कुटुंबांना वऱ्हाडचा तीर हाच आसरा होता. सरहद्दीची आणखी एक उपयुक्तता अशी कीं तिच्यावर बसलेलें बाजाराचें गांव वाढतें. दोन राज्यांतला फरक हाच त्याचा व्यापार असतो.

या व्यापाराचे वाहक म्हणजे बंजारे. आज तांडा म्हटलें म्हणजे माळावरची स्थिर वस्ती समजली जाते. मूळ अर्थ तसा नाहीं. तांडा म्हणजे लादलेल्या बैलांचा चालता काफिला. नाईक त्याचा पुढारी आणि कारभारी त्याचा मदतनीस. मीठ, धान्य, कापूस पाठीवर घेऊन हजारों बैल घाटांतून आणि रानांतून चालत, आणि जेथें चारा व पाणी मिळेल तेथें मुक्काम पडे. पैनगंगेचें खोरें हें अशा मुक्कामांना सोयीचें. रान विपुल, उन्हाळ्यांतहि ओढ्यांतून डोह राहणारे. मग १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली. तिच्या पाठोपाठ सडका आल्या आणि गाड्या आल्या. लदेणीचा धंदा एका पिढींत बसला. ज्यांचें घर चालतें होतें त्यांना कोठेंतरी थांबणें भाग पडलें, आणि ते थांबले तेथेंच जेथें पूर्वीं मुक्काम करीत : गांवापासून थोडें दूर, उंचवट्यावर, रानाच्या कडेला. तांड्याला नांव बहुधा त्या वेळच्या नाइकाचें मिळालें. म्हणून गांवाला देवाचें, झाडाचें किंवा इजाऱ्याचें नांव, आणि तांड्याला माणसाचें नांव, असा भेद या भागांत दिसतो.

याच तांड्यांतून पुसदजवळच्या गहुली येथें १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ते १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि पुढें सुधाकरराव नाईकहि त्याच गहुलींतून त्याच पदावर गेले. एका गांवठाणाबाहेरच्या वस्तींतून राज्याच्या सर्वोच्च आसनापर्यंतचें हें अंतर थोडें नव्हे. परंतु दोन मुख्यमंत्र्यांच्या नांवांनीं साऱ्या तांड्यांची कहाणी झांकली जाऊं नये. कित्येक तांडे महसुली कागदांत स्वतंत्र गांव नाहींत. ते एखाद्या मोठ्या गांवाच्या पोटांत धरलेले असतात, आणि रस्ता, शाळा, विहीर या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोंचतां पोंचतां पिढ्या गेल्या.

तांड्याच्या आधींपासून रानांत होते ते आंध. आंध लोकांची बोली मराठीच. पुसद, उमरखेड, कळमनुरी, किनवट हा त्यांचा मुख्य मुलूख. यवतमाळच्या पूर्वभागांत कोलामांचीं पोडें आहेत, त्यांची कोलामी ही द्राविडी कुळांतील भाषा. या लोकांचें वर्षाचें गणित रानावर चाले. चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचावीं, वैशाखांत टेंभुर्णीचीं पानें तोडावीं, धावड्याचा डिंक काढावा, चारोळी गोळा करावी, पावसाळ्यांत थोडी ज्वारी-तूर पेरावी, आणि घरास लागेल तें लांकूड व जनावरांस लागेल तें गवत रानांतून आणावें. हा हक्क कोणी दिलेला नव्हता, म्हणून तो कोठें लिहिलेलाहि नव्हता. पुढें हेंच अंगाशीं आलें.

१८८६ मध्यें वऱ्हाडचा जंगल कायदा झाला. सरकारी रानांचे तीन वर्ग पाडण्यांत आले : पहिला इमारती लांकूड व सरपण यांसाठीं राखलेला, दुसरा गवताच्या राखीव कुरणांचा, आणि तिसरा चराईचा. कागदावर ही विभागणी मोठी शहाणपणाची दिसते, आणि तिच्यामुळें बरेंचसें सागवान वांचलें हेंहि नाकारतां येत नाहीं. पण ज्या माणसाच्या दाराशीं पहिल्या वर्गाचें रान आलें त्याच्या दृष्टीनें काय झालें? काल जें गवत तो सहज कापून आणी, तें आज परवान्याशिवाय कापणें गुन्हा ठरला. बैल चुकून आंत शिरला तर कोंडवाडा आणि दंड. रानाचा पहारेकरी हा गांवच्या आयुष्यांत पाटील-पटवाऱ्याइतकाच महत्त्वाचा, किंबहुना अधिक भीतीचा पुरुष झाला. रान राखण्याचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न त्या दिवसापासून या भागांत उभा आहे.

या प्रश्नाला १९३० मध्यें वाचा फुटली. महात्मा गांधींनीं दांडीस मिठाचा कायदा मोडला. पण विदर्भाला समुद्र नाहीं. अकोला जिल्ह्यांत दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून कायदेभंगाचा आरंभ झाला हें खरें, तरी तो प्रतीकाचाच भाग होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मिठापेक्षां गवत अधिक टोंचत होतें. लोकनायक बापूजी अणे हे मूळचे वणीचे आणि यवतमाळांत वकिली केलेले. जंगल कायद्याचा जाच त्यांना पुस्तकांतून नव्हे, पक्षकारांच्या तोंडून कळलेला. १० जुलै १९३० रोजीं त्यांनीं स्वयंसेवकांसह पुसदजवळच्या राखीव रानांत जाऊन परवान्याशिवाय गवत कापलें. त्यांना अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, २१ जुलैला, यवतमाळजवळ लोहारा येथें डॉ. हेडगेवार यांनींहि जंगल सत्याग्रह केला. ठिकठिकाणीं विळे निघाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें, त्याच वर्षाच्या २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसें पडलीं.

गवताची एक पेंढी, तिचा पैशांत भाव तो काय! परंतु न्यायाधीशापुढें जी गोष्ट गेली ती पेंढीची नव्हती. रानाजवळ राहणाऱ्याचा रानावर कांहीं हक्क आहे कीं नाहीं, हें तेथें विचारलें गेलें. शिक्षा झाल्या, लोक सुटून आले, देश स्वतंत्र झाला. उत्तर मात्र मिळालें नाहीं. १९२७ चा भारतीय वन कायदा स्वातंत्र्यानंतरहि चालू राहिला, आणि १९६९ मध्यें राज्याच्या कायद्यानें टेंभुर्णीच्या पानांचा व्यापार सरकारनें आपल्या हातीं घेतला.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. अनुसूचित जमातींची जी यादी तयार झाली ती प्रदेशवार होती. यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलायचें तर ती केळापूर, वणी व यवतमाळ या तीन तालुक्यांनाच लागू होती. पुसद तींत नव्हता. उलट जुन्या हैदराबाद संस्थानांतून आलेल्या नांदेड-परभणीकडे आंध हे जमातींत धरलेले. परिणाम असा कीं पैनगंगेच्या पलीकडचा आंध कायद्यानें आदिवासी आणि अलीकडचा त्याचा मेहुणा मात्र नव्हे! रक्त एक, बोली एक, कुलदेवता एक, मध्यें नदी. निजाम गेला तरी त्याच्या सरहद्दीची सावली अशी पुढें पडत राहिली. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानें प्रदेशाची अट निघाली तेव्हां कोठें ही विसंगति मिटली. बंजाऱ्यांच्या बाबतींत ती मिटलेली नाहीं. महाराष्ट्रांत ते विमुक्त जातींत मोडतात. तीच पैनगंगा पुढें वाहत जाऊन तेलंगणाची सीमा बनते, आणि तेथें पलीकडच्या तीरावर त्यांचेच भाऊबंद, लंबाडा या नांवानें, त्याच १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमात आहेत.

मग आलें अभयारण्य. शेजारच्या उमरखेड तालुक्यांतील पैनगंगेकांठचें सुमारें ३२५ चौरस किलोमीटर रान पैनगंगा अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. कोरटा, मोरचंडी, सोनदाबी, खरबी अशीं गांवें त्या रानांत किंवा त्याच्या कांठावर आहेत. या टापूला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. रस्ता करायचा तरी वनखात्याची संमति, विजेचा खांब पुरायचा तरी संमति. पावसाळ्यांत आजारी माणसाला हलवितांना या नांवाचा अर्थ चांगलाच कळतो. दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यांतून २०१९ मध्यें एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यांत यंत्राचा पट्टा असल्यामुळें त्याची वाट कळत गेली. पैनगंगेच्या रानांतून, शेतांतून, नाल्यांतून कांहीं महिन्यांत तेराशें किलोमीटरांवर चालून तो डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यास पोंचला. हीं रानें तुटलीं असतीं तर त्याला वाट उरली नसती. वाघ जेथून जातो तीच तांड्यांच्या आणि आंधांच्या शेतांची कड आहे, आणि दोघांनाहि तिची गरज आहे. येथें वाघाचा पक्ष घेणारे शहरांत पुष्कळ भेटतात. कडेवर राहणाऱ्यांचा पक्ष घेणारे त्या मानानें कमी.

१९३० च्या प्रश्नाला कायद्याचें उत्तर मिळालें तें २००६ मध्यें. वनहक्कांचा जो कायदा त्या वर्षीं संसदेनें केला, त्याच्या प्रस्तावनेंतच वननिवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीं कसत असलेली वनजमीन, जास्तींत जास्त चार हेक्टर, कसणाऱ्याच्या नांवें व्हावी. गौण वनउपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मिळावा. गांवानें सामूहिक रीतीनें रान राखावें. आणि कागदांत नसलेल्या रानवस्तीला महसुली गांवाचा दर्जा मिळावा, अशीं त्यांत कलमें आहेत. दाव्याची सुरुवात ग्रामसभेंत होते, कचेरींत नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ मध्यें सामूहिक हक्क मिळवून या कलमांचा उपयोग कसा करावा हें साऱ्या देशाला दाखविलें.

परंतु त्या कायद्यांत अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गांतील माणसाला, म्हणजे आतां आंधालाहि, ठरीव तारखेपूर्वींचा ताबा दाखविला कीं पुरे. दुसऱ्या वर्गांतील माणसानें, आणि महाराष्ट्रांत बंजारा त्याच वर्गांत पडतो, त्या तारखेपूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, आपलें कुटुंब रानांत राहत होतें हें सिद्ध करावें लागतें. हिशेब केला तर ती तारीख येते १३ डिसेंबर १९३०. पुसदच्या रानांत अण्यांनीं गवत कापलें त्यानंतरचा पांचवा महिना. त्या काळीं तांडा महसुली दफ्तरांत नव्हता, शाळेच्या दाखल्यांत नव्हता, आणि आदल्याच पिढींत बैलांच्या मागें फिरणाऱ्या माणसाचा पत्ता कोण लिहून ठेवणार?

कायद्याच्या नियमांनीं पुराव्याची व्याख्या सुदैवानें रुंद ठेवली आहे. सरकारी कागदाशिवाय जुन्या घराचें जोतें, विहीर, बांध, स्मशान, देवस्थान, आणि दावेदाराखेरीज गांवांतील अन्य वृद्धांचा लेखी जबाब हींहि त्यांत प्रमाण धरलीं जातात. म्हणून पैनगंगेच्या या वळणांत एखाद्या तांड्याचा इतिहास आज लिहिला जातो तो ग्रामसभेच्या इतिवृत्तांत : अमक्या नाइकाचा मुक्काम कोणत्या माळावर होता, पहिली विहीर कोणीं खणली, सेवालाल महाराजांच्या नांवाचा पांढरा झेंडा कोणत्या लिंबाखालीं प्रथम उभारला, आणि तें लिंबाचें झाड अजून आहे कीं नाहीं.